कमलाक्षीची एक्केचाळीस पानं

म्हैसूरच्या विजयनगर भागात, दुसऱ्या स्टेजमधल्या त्या घरात मराठी दिवसातून एकदाच ऐकू यायचं. सकाळी, देवापुढे. "उठा आता, उजाडलं," असं म्हणत कमलाक्षी देव्हाऱ्याचा पडदा बाजूला सारायची, समई लावायची, आणि आदल्या दिवशीचं काय काय राहिलं ते देवाला सांगायची. नळाचा वॉशर गेला, भावाचा फोन आला नाही, तुळशीला मुंग्या लागल्या. एवढं बोलून झालं की तिच्या तोंडचं मराठी दिवसभरासाठी संपायचं. भाजीवाल्याशी कन्नड, बँकेत कन्नड, शेजारच्या वरलक्ष्मीशी कन्नड. देव तर काय, ऐकून घेतो. उलट बोलत नाही.

आई होती तोवर असं नव्हतं. आईला शेवटपर्यंत कन्नड धड आलं नाही असं लोक म्हणायचे. पण ते खरं नव्हतं. आईला सगळं येत होतं, ती घरात बोलायची नाही एवढंच. "उंबरा ओलांडलास ना? मग आता आपलं बोल," हा तिचा कायदा. कमलाक्षीच्या आजोबांनी म्हैसुरात कापडं रंगवली, छापली. वडिलांनी तो धंदा सोडून शाळेत नोकरी धरली. घराणं इथं किती पिढ्या आहे ते कुणी मोजलेलं नाही. पण उंबऱ्याच्या आत मराठी. ते मराठीही कसं, तर पुण्याहून कुणी आलं तर त्याला हसू फुटावं असं. त्यात 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' होतं, 'उगीच'च्या जागी 'सुम्ने' होतं, 'नाही का'च्या जागी 'अल्वा' होतं. आईच्या लेखी ते सगळं मराठीच.

आई गेली तेव्हा कमलाक्षी एकसष्ट वर्षांची होती. लग्न राहून गेलं होतं. कुणी मोडलं नाही की कुणी अडवलं नाही, भावाचं शिक्षण, वडिलांचं आजारपण, आईचे गुडघे असं करता करता राहून गेलं. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात तिने एकतीस वर्षं नोकरी केली. यंत्रावर नव्हे, रेकॉर्ड रूममध्ये. प्रत्येक यंत्राचे नकाशे, माहितीपुस्तकं, दुरुस्तीच्या नोंदी, सगळं तिच्या ताब्यात. तिला हे काम शिकवलं गुंडुरावांनी. ते तिच्या आधीचे रेकॉर्ड कीपर, कडक माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सांगितलं होतं, "हरवलेला कागद आज ना उद्या सापडतो बाई. चुकीच्या कपाटात नीट ठेवलेला कागद कधी सापडत नाही. कारण तो हरवलाय हेच कुणाला ठाऊक नसतं."

हे वाक्य तिने एकतीस वर्षं पाळलं. आणि निवृत्त झाल्यावर बरोबर तेच चुकली.

झालं असं. आईचे दिवस झाल्यावर भाऊ बेंगळुरूला परत गेला. जाताना त्याची मुलगी मेघाश्री आपला जुना लॅपटॉप आत्याला देऊन गेली. "आत्ते, वेळ जाईल तुझा. ह्यात फुकटची सिस्टीम आहे. जगभरातली लोकं मिळून करतात, कुणा एकाची नाही." मेघाश्री सॉफ्टवेअरमध्ये. तिचं मराठी पन्नास-साठ शब्दांचं, बाकी कन्नड आणि इंग्लिशने भागवायची. पण आत्याशी बोलताना ते पन्नास शब्द ती मुद्दाम काढायची. ते कमलाक्षीला कळायचं, आणि बरं वाटायचं.

त्या सिस्टीममध्ये भाषांची एक लांबलचक यादी होती. कमलाक्षीने सहज खाली सरकवली, तर एका ओळीत मराठी! तिने बोट ठेवलं. पडद्यावर दोन-चार शब्द मराठी झाले, बाकी सगळं इंग्रजीच राहिलं. प्रत्येक आज्ञेचं, म्हणजे कमांडचं, एक माहितीपान असतं, ही आज्ञा काय करते, कशी द्यायची, काय सांभाळायचं. तीही सगळी इंग्रजीत.

"ही मराठीत का नाहीत ग?" तिने फोनवर विचारलं.

"कुणी केली नाहीत म्हणून. तू कर की."

मेघाश्री थट्टेने बोलली होती. कमलाक्षीने मनावर घेतलं. यंत्राची माहितीपुस्तकं तिने आयुष्यभर हाताळलेली. इंग्रजी वाचायला तिला अडचण नव्हती, आणि एकतीस वर्षांत किती वेळा तरी कामगारांना जर्मन यंत्राच्या सूचना तिने कन्नडात सांगितल्या होत्या. मराठीत सांगायला मात्र तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मेघाश्रीने खटपट करून तिला त्या सगळ्या लोकांच्या सामायिक भांडारात पानं ठेवायची परवानगी मिळवून दिली. आणि कमलाक्षीने नेम धरला. दर एकादशीला एक पान. उपास असतो, स्वयंपाक नसतो, हात रिकामे असतात. आईच्या नावाने पंधरा दिवसांतून एक पान. सकाळी पूजा, मग वहीत कच्चं लिहायचं, दुपारी टाइप करायचं, संध्याकाळी भांडारात ठेवून द्यायचं.

आणि ठेवलं की परत उघडून बघायचं नाही.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनेच ठरवलं होतं. नैवेद्य दाखवला की पडदा ओढायचा आणि पाठ फिरवायची, ही त्या घरची रीत. लहानपणी एकदा ती पडद्याच्या फटीतून डोकावली होती, देव जेवतो का ते बघायला. आईने हातावर चापट दिली होती. "दिलं ना? मग आता झाकण उचलून बघायचं नाही. घेईल, नाही घेईल, त्याची मर्जी."

तशी एक्केचाळीस पानं झाली. निर्जला, योगिनी, कामिका, सगळ्या एकादश्या. वहीत रोजच्या नोंदी असायच्या, तिथी, काय शिजवलं, कोण भेटलं. बहुतेक दिवशी 'कोण भेटलं' याच्यापुढे काही नसायचं. एकादशीच्या दिवशी त्या जागी पानाचं नाव लिहायची.

मग एका सोमवारी ते पत्र आलं.

पत्र माणसाने लिहिलेलं नव्हतं, भांडाराचा हिशेब ठेवणाऱ्या प्रोग्रामकडून आपोआप निघालेलं होतं. भांडारात लिहायचा हक्क असलेल्या सगळ्यांना गेलेलं. त्यात म्हटलं होतं की नव्या आवृत्तीसाठी पानं घेणं या शुक्रवारी दुपारी बंद होईल. ज्या भाषेची तीसपेक्षा कमी पानं भरतील, त्या भाषेचा कप्पा या आवृत्तीपासून काढून टाकण्यात येईल. खाली यादी होती. काढायच्या भाषा, आणि प्रत्येकीपुढे आकडा.

मराठी, तीन.

कमलाक्षीने चष्मा पुसला. परत वाचलं. तीन.

चुकून झालं असेल, असं तिला आधी वाटलं. एक्केचाळीस कुठे आणि तीन कुठे. आणि ही तीन तरी कुठली? मग तिला गुंडुराव आणि त्यांचं ते चुकीचं कपाट आठवलं.

ती उठून पाणी प्यायली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने झाकण उचलायचं ठरवलं. फाइल हुडकून देणारी एक आज्ञा आहे, तिचं पान तिने देवशयनीला केलेलं. त्या पानाची पहिली ओळ तिला पाठ होती. तिने आज्ञा टाइप केली आणि पान मागितलं.

पान आलं. इंग्रजीत. कुरकूर नाही, काही नाही. जसं काही मराठी कुणी कधी मागितलंच नव्हतं.

मेघाश्रीला फोन लावला तेव्हा ती ऑफिसातून घरी येत होती, मागे गाड्यांचा गोंगाट. बोलणं नेहमीसारखं निम्मं कन्नडात, निम्मं तिच्या मराठीत.

"आत्ते, एक मिनिट थांब हं, फोनवर बघते तुझी पानं... अय्यो. हे काय नाव दिलंस? मोहिनी? निर्जला? रमा? हे माहितीपान आहे की सिनेमातल्या हिरॉइनी?"

"एकादश्या आहेत ग त्या."

मेघाश्री इतकी हसली की तिला ठसका लागला. कमलाक्षीही थोडी हसली. हसायलाही सोबत लागते.

"आत्ते, ऐक. पानाचं नाव आज्ञेचंच पाहिजे. सिस्टीमला एकादशी कुठून कळणार? आणि ठेवलंस कुठे? प्रत्येक प्रोग्रामच्या फोल्डरात आत 'मराठी' म्हणून एक फोल्डर केलंस तू?"

"मग कुठे ठेवायचं? आमच्याकडे एका यंत्राचं सगळं एका कपाटात असायचं. जर्मन नकाशा, इंग्लिश पुस्तक, कन्नड सूचना. यंत्राचा नंबर सांगितला की सगळ्या भाषा एकदम हाताला."

"तिथं आधी मशिन, मग भाषा. इथं उलटं आत्ते. इथं आधी भाषा. तुझी सिस्टीम मराठीत आहे अल्वा? मग ती सरळ माहितीपानांच्या मोठ्या फोल्डरात जाते, त्यात 'एमआर' नावाचं फोल्डर बघते. एमआर म्हणजे मराठी. त्याच्या आत नंबर. एक नंबर म्हणजे रोजच्या आज्ञा, पाच म्हणजे फाइलींच्या रचना, आठ म्हणजे सिस्टीम सांभाळणाऱ्याची कामं. त्या नंबरात पानाचं नाव. झालं. ती काय प्रत्येक प्रोग्रामच्या दारात जाऊन, तुमच्याकडे मराठी आहे काय, असं विचारत बसत नाही."

"आणि एमआरमध्ये नाही सापडलं तर?"

"तर इंग्लिश दाखवते."

"सांगत नाही, मराठी सापडलं नाही म्हणून?"

"कशाला सांगेल? सुम्ने दाखवते."

कमलाक्षीने पडद्यावरचं ते इंग्रजी पान बंद केलं.

"आत्ते, पण तू दोन वर्षं एकदापण चेक केलं नाहीस?"

"नैवेद्यावरचं झाकण काढून बघतात काय?"

या वेळी मेघाश्री हसली नाही. "मी करते," ती म्हणाली. "एक छोटा प्रोग्राम लिहिला की सगळी पानं एका मिनिटात जागेवर जातील. फक्त मला यादी पाठव, कुठली एकादशी म्हणजे कुठलं पान, कुठला नंबर. उद्या संध्याकाळी बसते, पक्का."

कमलाक्षीने त्याच दिवशी वही काढून यादी लिहायला घेतली. मंगळवारी दुपारपर्यंत पाठवून दिली. संध्याकाळी फोन आला नाही. बुधवारी सकाळी एक निरोप आला, 'सॉरी आत्ते, ऑफिसात फार काम, रात्री नक्की.' बुधवारी ती फोन हातात घेऊनच तुळशीला पाणी घालत होती. मेघाश्रीचा दोष नव्हता. तिचं आयुष्य धावतं होतं, आणि तिच्या लेखी हे एक्केचाळीस पानांचं काम एका मिनिटाचं होतं. एका मिनिटाचं काम पुढे ढकलणं सगळ्यात सोपं.

बुधवारी सायंपूजेला कमलाक्षी देवाला म्हणाली, "मी दिलं ते तुला पोचलं असेल. पण माणसाला नाही पोचलं. आता माझं मी बघते." एवढं बोलून तिने समईची वात सारखी केली आणि हॉलमधली खुर्ची-टेबल भिंतीला लावली.

गुरुवारी एकादशी होती. त्या दिवशी तिने नवं पान केलं नाही. दोन वर्षांत नेम पहिल्यांदा मोडला. सकाळी आंघोळ-पूजा उरकून, भुईमुगाचे चार दाणे तोंडात टाकून ती जमिनीवर बसली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या तारखा कापून एक्केचाळीस चिठ्ठ्या केल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर एकादशी, साल, आज्ञा. पितळी ताटं तीन घेतली. एकासाठी एक, पाचासाठी एक, आठासाठी एक. रेकॉर्ड रूममध्ये ट्रे असत, इथे ताटं.

पुत्रदेने घोळ घातला. वर्षात पुत्रदा दोनदा येते, श्रावणात आणि पौषात. वहीत नुसतंच 'पुत्रदा' लिहिलेलं दोन ठिकाणी सापडलं. मग त्या दिवशी काय शिजवलं होतं ते बघून तिने ओळखलं. एकीच्या दुसऱ्या दिवशी पारण्याला अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, आमटी होती. अवरे थंडीतच येतात, म्हणजे ती पौषातली. स्वतःशीच म्हणाली, "वही ठेवली ते बरं झालं." आवाज घरात मोठा वाटला.

दुपारपर्यंत ताटं भरली. एकाच्या ताटात एकोणतीस, पाचाच्या पाच, आठाच्या सात. मग एकेक चिठ्ठी उचलायची, भांडारातलं ते पान उघडायचं, त्याला आज्ञेचं खरं नाव द्यायचं, आणि नव्या जागी हलवायचं. मोठं फोल्डर, त्यात एमआर, त्यात नंबर, त्यात पान. पहिल्या पानाला तिला वीस मिनिटं लागली. दहाव्याला चार.

हलवता हलवता तिला एक वेगळंच जाणवलं. ही रचना तिच्या कारखान्यासारखी नव्हती, पण ओळखीची होती. आधी उंबरा, मग भाषा, मग काय काम आहे ते. हे तर आईचं घर झालं. इतकी वर्षं ती आईचं मराठी परक्या घरांच्या मागच्या दारी ठेवून येत होती, आणि इकडे मराठीचं स्वतःचं घर होतं, दोन अक्षरांच्या पाटीचं, दार उघडं टाकून वाट बघत असलेलं.

त्या घरात आधीची तीन पानं होती. ती कुणाची हे तिने आतापर्यंत बघितलंच नव्हतं. संध्याकाळी चारच्या सुमारास सिस्टीमने पहिल्यांदा तिला अडवलं. फाइलीची नक्कल करणाऱ्या आज्ञेचं पान ती ठेवायला गेली, तर त्या नावाचं पान तिथे आधीच होतं. तिने उघडलं.

सुरेख मराठी. 'प्रस्तुत आज्ञेद्वारे फाइलची प्रतिलिपी तयार करता येते.' एकेक वाक्य इस्त्री केल्यासारखं. खाली भाषांतर करणारीचं नाव, मधुमिता, आणि तारीख. सोळा वर्षांपूर्वीची. बाकीची दोन पानंही तिचीच. सगळी एकाच महिन्यात केलेली. मग काही नाही.

कमलाक्षीने आपलं पान शेजारी उघडलं. 'ही आज्ञा एकाचे दोन करते. पहिलं तसंच राहतं, घाबरू नये.' तिला एकाएकी लाज वाटली. पुण्याचे पाहुणे आले की आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही, ते आठवलं. एक पान ठेवायचं तर दुसरं काढावं लागणार. सिस्टीम विचारत होती, जुन्यावर नवं लिहायचं?

तिने बराच वेळ हात मांडीवर ठेवले. या घरात कुणीतरी आधी राहून गेलं होतं. तीन पानं मांडून, कुणी येईल म्हणून वाट बघून निघून गेलं होतं. आणि कमलाक्षी दोन वर्षं दाराबाहेरून जात होती. एकमेकींची गाठ पडली नाही.

'नाही,' असं तिने सिस्टीमला सांगितलं. मधुमिताचं पान तसंच राहू दिलं. आपलं पान आपल्या लॅपटॉपवर ठेवून घेतलं आणि ती चिठ्ठी ताटातून काढून वहीत घातली. मग त्या पानाखालच्या पत्त्यावर तिने पत्र लिहिलं. 'मी म्हैसूरहून कमलाक्षी. तुमची पानं आज वाचली. फार छान आहेत. मी शेजारी चाळीस ठेवते आहे.' दोन मिनिटांत पत्र परत आलं. असा पत्ता आता अस्तित्वात नाही.

दिवेलागणीपर्यंत एकतीस झाली. उरलेली नऊ शुक्रवारी सकाळी. वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी अर्ध्यावर होती, वरलक्ष्मी कुंपणापलीकडून ओरडली, "कमलक्का, करंट होयतु!" कमलाक्षीने होकार देत "हौदु, हौदु" म्हटलं आणि हात थांबवला नाही. शेवटची चिठ्ठी आठाच्या ताटात होती. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तेही ताट रिकामं झालं.

दुपारी हिशेबाचं नवं पत्र आलं. काढायच्या भाषांची यादी. तिने वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. मराठी त्यात नव्हती.

संध्याकाळी मेघाश्रीचा फोन आला, धापा टाकत. "आत्ते, मी आत्ता बसतेय, यादी कुठे पाठवलीस?"

"झालं ग."

"कोण केलं?"

"कोण करणार?"

मेघाश्री हळूच म्हणाली, "सॉरी आत्ते. एका मिनिटाचं होतं."

"मला दीड दिवस लागला. बरं झालं. दीड दिवस गेला."

नवी आवृत्ती तीन आठवड्यांनी आली. कमलाक्षीने ती रीतसर भरून घेतली, लॅपटॉप बंद करून परत सुरू केला, आणि हुडकायच्या आज्ञेचं पान मागितलं. या वेळी पाठ फिरवली नाही. समोर बसून राहिली.

'हुडकणे. ठेवलेली वस्तू कुठं आहे ते ही आज्ञा हुडकून देते. आधी कुठं बघायचं ते सांगावं, मग काय हवं ते.'

'हुडकणे' हा आईचा शब्द. आईचा चष्मा, आईची पळी, आईची जपमाळ, सगळं दिवसभर हुडकणंच चालायचं. कमलाक्षी मोठ्याने वाचायला लागली. पहिली ओळ, दुसरी ओळ, मग सगळं पान. आवाज कधी चढला तिला कळलं नाही. पान संपल्यावर दुसरं मागितलं, तेही आलं, तेही वाचलं. दोन वर्षांनी त्या हॉलमध्ये भरदुपारी कुणीतरी मराठी बोलत होतं.

खिडकीशी वरलक्ष्मी आली. हातात वाळलेल्या साड्या. "कमलक्का, यारादरू बंदिद्दारा?" कुणी आलंय का, पाहुणे?

कमलाक्षीने पडद्याकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"इल्ला," ती म्हणाली. "यारू इल्ला."

कुणी नाही. वरलक्ष्मी साड्या घेऊन गेली. कमलाक्षीने उरलेलं पान मनात वाचलं.

त्यानंतर नेम परत सुरू झाला. आता पान बरोबर जागी जायचं आणि ती उघडूनही बघायची, देवाची क्षमा मागून. दोन एकादश्या गेल्या. तिसऱ्या एकादशीच्या आदल्या दिवशी एक पत्र आलं. आपोआप निघालेलं नाही, माणसाने लिहिलेलं. खाली नाव होतं पवित्रा. गाव नाही, आडनाव नाही.

'हुडकण्याच्या पानात चौथा मुद्दा दोनदा आला आहे. आणि सहाव्या मुद्द्यात उदाहरण अर्धंच आहे. कृपया दुरुस्त करावं.'

एवढंच. नमस्कार नाही, आभार नाहीत. नुसती तक्रार.

कमलाक्षीने ती तक्रार तीनदा वाचली. सहाव्या मुद्द्यातलं उदाहरण अर्धं आहे हे कळायला सहाव्या मुद्द्यापर्यंत यावं लागतं. म्हणजे कुणीतरी आलं होतं. पहिल्या ओळीपासून सहाव्या मुद्द्यापर्यंत आईच्या शब्दांतून चालत आलं होतं, आणि वाटेत ठेच लागली म्हणून रागावलं होतं. कुठली असेल? बडोद्याची? तंजावरकडची? का इथलीच, येलवालच्या रस्त्यावरून रोज बसने जाणारी? नावावरून काही कळत नव्हतं.

तिने आधी दुरुस्ती केली. मग उत्तर लिहायला बसली. आईबद्दल लिहिलं, रेकॉर्ड रूमबद्दल, मधुमिताच्या तीन पानांबद्दल, एकादश्यांबद्दल. पानभर झालं. वाचून बघितलं आणि सगळं पुसलं. परकी बाई घाबरून जायची. शेवटी एवढंच ठेवलं, 'दुरुस्त केलं आहे. कळवलंत, बरं वाटलं.' पाठवायला बोट नेलं, थांबवलं, आणि खाली एक ओळ वाढवली.

'तुम्ही कुठच्या?'

पत्र गेलं. तिने लॅपटॉपचं झाकण लावलं, हात-पाय धुऊन देवापाशी दिवा लावला आणि वहीत तिथी लिहिली. 'कोण भेटलं' याच्यापुढे थोडा वेळ पेन धरून ठेवलं आणि लिहिलं, पवित्रा.

दिलं की झाकण उचलून बघायचं नाही, ही त्या घरची रीत. देवाच्या बाबतीत कमलाक्षी ती अजून पाळते. लॅपटॉपचं झाकण मात्र तिने रात्रीच्या जेवणाआधीच दोनदा उचलून पाहिलं.